हवा बंद केल्यावर

मस्कतमध्ये थंडी आली हे आधी कानाला कळतं. एप्रिलमध्ये सुरू झालेला घरातला एसी दिवाळी उलटेपर्यंत थांबत नाही. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडते की ती ऐकू येते आहे हेही आपण विसरतो. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी समुद्राकडून बरा वारा येतो, आपण बटण बंद करतो आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं.

अल् घुब्रातल्या माझ्या फ्लॅटच्या खिडक्या मी परवा उघडल्या. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी घरातला कुकर, कडुनिंबावर साळुंक्यांचा कलकलाट, अंगणात क्रिकेटवरून इंग्रजीत भांडणारी आपली मराठी-तमिळ-गुजराती पोरं, आणि या सगळ्याच्या मागे हमरस्त्याची न संपणारी सळसळ. सात महिने हे सगळं काचेपलीकडे चालूच होतं. पूर्वी हे दिवस मला फार आवडायचे. आता खिडकी उघडली की एक डॅनिश बाई आठवते, आणि तिच्यामागून आई.

मी एका मोठ्या सभागृहात वातानुकूलनाचं काम बघतो. तळघरातली चिलर यंत्रं, छताच्या वर लपवलेले हवेचे पंखे, हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट, त्यांच्या झडपा. लोक गाणं ऐकायला येतात आणि त्यांना गार वाटलं तर माझी आठवण कुणाला येत नाही. इतकी वर्षं या इमारतीत काढूनही त्यात काय वाजवलं जातं याच्याकडे माझं लक्ष नसायचं. पाश्चात्त्य संगीत म्हणजे माझ्या लेखी पुष्कळ माणसं, पुष्कळ घाम आणि म्हणून जास्त गारवा.

गेल्या वर्षी हा हंगाम आला तेव्हा मी नुकताच एकटा राहू लागलो होतो. गणपती उरकले आणि आईला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माझी बायको वैशाली थोड्या दिवसांसाठी म्हणून कुडाळला गेली, ती तिथेच राहिली. मीही आठवडाभर जाऊन आलो. परतीच्या विमानात पट्टा बांधला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर वैशालीला सांगितलेलं नाही.

आई म्हणजे आमच्या घरातला आवाज होता. कुडाळच्या एस.टी. स्टँडजवळ तिने वर्षानुवर्षं खानावळ चालवली. गाडीतून उतरणाऱ्याला ती रस्त्यावरूनच हाक मारायची, "खंय चललंस? दोन घास खाऊन जा." वाढताना बोलायची, भाकरी थापताना बोलायची, कुणी नसलं तर टोपाशी आणि कावळ्याशी बोलायची. परीक्षा आली की मी पुस्तकं घेऊन देवळात जाऊन बसायचो, कारण घरात तिच्या बोलण्यात एक ओळ डोक्यात शिरत नसे.

आता रोज संध्याकाळी वैशाली फोन आईच्या कानाला लावायची आणि मी बोलायचो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, इथे आज ऊन कमी होतं, बांगडा मिळाला पण आपल्यासारखा नाही. एक प्रश्न विचारायचा आणि लगेच दुसरा. कारण मी थांबलो की पलीकडून नुसता श्वास यायचा, आणि त्या श्वासात काहीतरी वर येऊ बघायचं, घशापर्यंत येऊन अडकायचं. ते मला ऐकवत नसे. मग मी म्हणायचो, "आई, आवाज तुटतोय गं, नेट गेलं वाटतं," आणि ठेवून द्यायचो. इथून नेटवर लावलेले फोन असेही रखडतात, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

वैशालीला आला. एकदा ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडचं नेट बरोबर आई बोलायची धडपड करायला लागल्या की जातं."

तिने रजेचं विचारलं. मी म्हटलं, थंडी म्हणजे कार्यक्रमांचे दिवस, आता कोण सोडतंय. त्यावर ती म्हणाली, "तुमच्या सभागृहाला तुम्ही नसलात तर श्वास घेता येत नाही का?" खरं सांगायचं तर आमच्या ओमानी मॅनेजरने स्वतःहून दोनदा विचारलं होतं, आईची तब्येत कशी आहे, जाऊन ये. मीच इन्शाल्ला म्हणून विषय बदलला होता.

अशातच त्या बाईचं येणं ठरलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर मला ते अजून नीट म्हणता येत नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या करतुतीच्या गोष्टीत तिचं नाव यावं असं वाटत नाही. डेन्मार्कमधली संगीतकार, साठी ओलांडलेली. तिच्या रचनांची एक अख्खी संध्याकाळ व्हायची होती आणि ती तालमींसाठी आठवडाभर आधी येणार होती. तिची एकच अट होती. शेवटची रचना वाजत असताना सभागृहातली हवा पूर्ण बंद हवी.

बैठकीत सगळे हसले. ओमानमध्ये, भरलेल्या सभागृहात, पुढच्या रांगेत बडे पाहुणे बसलेले असताना एसी बंद. माझ्याकडे पाहिलं गेलं. मी म्हटलं, आधी नेहमीपेक्षा जास्त गार करून ठेवू, मग थोडा वेळ निभावेल. आमचा इलेक्ट्रिशियन इक्बाल श्रीवर्धनचा. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "भाऊ, ही बाई गप्प राहून गाणं करते म्हणतात. दोन दिवस आमच्या घरी पाठवा, घरवालीला शिकवू दे."

ती आली ती लोकरी स्वेटर हातावर टाकून. उंच, किंचित वाकलेली, पांढरे केस मुलासारखे कापलेले. पहिल्याच दिवशी तिने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, सगळी यंत्रं एकदम नको, एकेक करून बंद करा, मला ऐकायचं आहे. ती रिकाम्या सभागृहात मधोमध बसली आणि मी वायरलेसवरून खाली सांगत राहिलो. एकेक पंखा थांबत गेला. दर वेळी मला वाटायचं, आता झालं, आता काही उरलं नाही, आणि तरी खाली अजून एक आवाज निघायचा. शेवटी सगळंच थांबलं. मग छतात टक्, टक् असं काहीतरी वाजू लागलं. तिने वर पाहिलं. मी सांगितलं, डक्टचा पत्रा आहे, गार असतो, हवा थांबली की सैल होतो. मला वाटलं, आता हेही बंद करा म्हणेल. ती म्हणाली, ते राहू दे.

पुढे बरंच काही बोलायची असेल असं वाटून मी उभा राहिलो. ती बोलली नाही. मी घसा खाकरला, किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या, आणि शेवटी काम आहे असं सांगून खाली निघून आलो. खाली काहीही काम नव्हतं.

त्या आठवड्यात मी तिच्या रचना ऐकायला लागलो. का, ते नेमकं सांगता येणार नाही. घरी जाऊन कुणाशी बोलायचं नव्हतं, हे एक कारण असेल. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत तिची सगळी वाटचाल छापली होती. तिचे वडील उत्तरेकडच्या एका लहान बंदरात मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. कोपनहेगनला शिकून आल्यावर तिने पहिली मोठी रचना केली ती पितळी वाद्यं आणि डिझेल इंजिन यांच्यासाठी, आणि ती धक्क्यावर वाजवली गेली. मग एक सिंफनी, त्यात सभागृहाच्या दोन टोकांना दोन वाद्यवृंद बसतात आणि एकमेकांवर ओरडतात. ती सिंफनी गाजली. परदेशांतून बोलावणी आली. मी ती सिंफनी घुब्राहून रुसैलला जाताना गाडीत लावली आणि ती मला चटकन कळली. तिच्यात माझ्या तळघरासारखं काहीतरी होतं. दोन चिलर एकदम सुरू झाल्यावर भिंती जशा भरून जातात तसं.

त्यानंतरचं मात्र कळेना. पुस्तिकेत लिहिलं होतं की ऐन नाव झालेलं असताना तिने मोठ्या रचना करणं सोडलं. लहान मुलांसाठी एका चुलीविषयीचा ऑपेरा केला, तो पडला. मग चार तंतुवाद्यांसाठी एकामागून एक रचना, प्रत्येक आधीपेक्षा हळू. वृद्धाश्रमांतले बिघडलेले पियानो जसे आहेत तसेच वाजवून केलेली एक मालिका. आणि एक गायकवृंदासाठी, ज्यात कुणी तोंडच उघडत नाही. ही शेवटची मी घाला नावाच्या औद्योगिक भागात ऐकली. पंख्यांचे पट्टे आणायला गेलो होतो, दुकानदार नमाजाला गेला होता. गाडीत बसून ती लावली तर काहीच ऐकू येईना. शेजारच्या गॅरेजात रंगाचा फवारा चालला होता. फोन बिघडला समजून मी आवाज पूर्ण वाढवला. फवारा थांबला आणि लक्षात आलं, मघापासून चाळीस-पन्नास माणसं मिटल्या तोंडाने गुणगुणत होती. एखाद्या घरात सगळे आपापल्या कामात असताना जसा आवाज असतो, तसं. मी ते लगेच बंद केलं.

तालमीच्या मधल्या सुट्टीत ती एकदा तळघरात आली. यंत्रांच्या आवाजात तिला बरं वाटतं म्हणाली, वडिलांची आठवण येते. खजूर आणि वेलची घातलेली ओमानी कॉफी घेऊन आम्ही पॅनेलसमोरच्या खुर्च्यांवर बसलो. मी धीर करून विचारलं, आधी इतकं मोठं वाजवत होतात, मग असं काय झालं. ती हसली. "तरुणपणी मी फार ओरडले," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की पोटासाठी ती गावातल्या चर्चमध्ये रविवारी ऑर्गन वाजवायची. एका अंत्यविधीला, भजन निम्मं झालेलं असताना, ऑर्गनला हवा देणारी मोटर बंद पडली. आवाज विरत गेला. गाणारेही थांबले. कुणाला काय करावं कळेना, म्हणून सगळे तसेच उभे राहिले. कोटांची सळसळ, कुणाचं तरी नाक, बुटाखालची रेती. आणि मग कोपऱ्यातून एका म्हातारीने एकटीने पुढचं कडवं धरलं. "तेवढं लिहायला मला तीस वर्षं लागली," ती म्हणाली, "आणि ते अजून नीट झालेलं नाही."

इथे वाजवायच्या शेवटच्या रचनेबद्दलही तिने सांगितलं. तिच्या डॅनिश नावाचा अर्थ साधारण असा, माणसं बाहेर गेल्यावरच्या खोल्या. सगळा वाद्यवृंद हळूहळू एकेका आवाजाने कमी होतो. मग मोठा विराम येतो, इतका मोठा की संपलं असं वाटावं. वादक गज वर धरून बसून राहतात. त्यानंतर पुढे थोडं आहे. मी विचारलं, काय आहे. ती म्हणाली, शनिवारी ऐकाल.

तो शनिवार. मी दुपारपासून सभागृह गार करत होतो, इतकं की बायका शाली ओढून बसल्या. रंगमंचाच्या बाजूला माझं पॅनेल, शेजारी एक छोटा दिवा. स्टेज मॅनेजर सालिम तो हिरवा करेल तेव्हा मी हवा सुरू करायची, तोवर तो लाल राहील, असं ठरलेलं. शेवटच्या रचनेआधी मी सगळं बंद केलं. पंखे थांबले. छतात पत्रा टक् करून वाजला.

वाद्यं कमी होत गेली. आधी पितळी, मग बासऱ्या, मग मागच्या रांगा. शेवटी एक जाड तार उरली आणि तीही गेली. गज वर. आणि तो विराम आला.

मी कित्येक कार्यक्रम बाजूला उभं राहून पाहिले आहेत. इतकी माणसं अशी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्याने पुस्तिकेने वारा घेतला. कुणाची तरी पायघोळ दिशदाशा सळसळली. मला श्वास ऐकू येऊ लागले. शेकडो माणसांचे, आणि त्यातला एकेक वेगळा. कुणाच्या तरी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मला माहीत होतं की पुढे अजून आहे. तिने मला स्वतः सांगितलं होतं. दिवा लाल होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. तरी माझा हात गेला.

सगळ्या डक्टमधून एकदम हवा आली. मोठ्या जनावराने सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला. वादकांनी वर पाहिलं, पाहुण्याने पुस्तिका खाली ठेवली आणि टाळी वाजवली, कारण हवा आली म्हणजे संपलं. त्याच्यामागून सगळ्यांनी. टाळ्या वाढत गेल्या, माणसं उभी राहिली. वाद्यवृंदाच्या संचालकाने क्षणभर हात तसाच ठेवला, मग खाली घेतला. सालिम माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "खलास." त्याला वाटलं दिवा चुकून त्याच्याच हातून हिरवा झाला असेल. मी त्याला तसं वाटू दिलं. आजही त्याला तसंच वाटतं.

ती मला शोधत आली. हातात फुलं होती, ती तिने पॅनेलवर ठेवली. मी म्हटलं, मॅडम, माफ करा, मला वाटलं संपलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ते संपायला हवं होतं."

पुढे काय होतं, असं मी विचारलं. एक व्हायोला, म्हणजे जाड आवाजाचं व्हायोलिन, ती म्हणाली, एकटीच, अगदी थोडा वेळ. मग तिने फुलं उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. ती रचना मी नंतर शोधली. तिचं ध्वनिमुद्रण अजून निघालेलं नाही. या सभागृहातल्या कुणीही, मीसुद्धा, ती व्हायोला ऐकलेली नाही. आपल्यामुळे हजारभर माणसांनी काहीतरी ऐकायचं राहिलं, आणि त्यांना ते माहीतही नाही, हे ओझं विचित्र असतं. कुणी जाब विचारत नाही.

तिच्या वाक्याचं दुसरं टोक मला घरी आल्यावर लागलं. कुणाचं काय संपायला हवं होतं, याचा विचार मी खिडकीत बसून केला, आणि जे उत्तर आलं ते इथे लिहिण्याचं धाडस मला अजून होत नाही. वाचणाऱ्याला कळेल.

आई पुढे फाल्गुनात गेली. मस्कतमध्ये तेव्हा पुन्हा खिडक्या लावून घ्यायचे दिवस जवळ येतात. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. लोकांनी समजूत घातली, सुटली बिचारी, आणि मी मान हलवली. वैशाली महिन्याभराने परत आली, पण आता ती बहुतेक वेळ पुण्याला आमच्या मुलीकडे असते. आम्ही भांडलेलो नाही. तिने माझ्या आईचं सगळं केलं आणि मी ते दुरून होऊ दिलं. ते आमच्यात एखाद्या सामानासारखं ठेवलेलं आहे, आणि ते कुठे हलवावं हे दोघांनाही सुचत नाही.

पण त्या मैफलीनंतरचा शुक्रवार मला जसाच्या तसा आठवतो. सुट्टी होती. दुपारी मी फोन लावला. वैशालीला म्हटलं, आईच्या उशाशी ठेव आणि तू जा तुझ्या कामाला. ती म्हणाली, कशाला, मी धरते. मी म्हटलं, ठेव.

मी बोललो नाही. जेवलीस का विचारलं नाही, उन्हाचं सांगितलं नाही. आधी तोच श्वास आला, तीच वर यायची धडपड, आणि माझा अंगठा लाल बटणाकडे गेला. मी फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले. खरंच, लहान मुलासारखे. श्वास जोरात चालला होता. मग मला कुडाळचं घर ऐकू येऊ लागलं. मोरीतला नळ. माडाची झावळ पत्र्यावर घासत होती. रस्त्याने रिक्षा गेली. वैशाली आत काहीतरी कांडत होती, मध्येच थांबली, शेजारणीशी दोन शब्द बोलली, पुन्हा कांडू लागली. माझ्या खिडकीतून साळुंक्यांचा आवाज येत होता, तो तिकडे जात असेल असं वाटलं. श्वास केव्हातरी हळू झाला. मी तसाच बसलो होतो. चहा करावासा वाटला, केला नाही.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली आणि वैशालीचा आवाज आला, अगदी दबका.

"अहो, आहात का अजून?"

"आहे."

"आई केव्हाच झोपल्या. एरवी तुमचा फोन झाला की रात्रीपर्यंत तळमळत असतात, उत्तर द्यायचं राहिलं म्हणून. आज तुम्ही काही विचारलंच नाहीत ना."

मी मांडीखालचे हात बाहेर काढले.

"ठेवू का फोन?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे तिथेच."